उदगीरचा विजेता आणि मोत्याचे रूपक

सन १७६१ च्या जानेवारी महिन्याची अखेर. बाळाजी बाजीराव ऊर्फ नानासाहेब पेशवे फौज घेऊन उत्तरेकडे निघाले होते आणि त्यांचा मुक्काम माळव्यात भेलशाच्या परिसरात होता. पानिपताहून कित्येक दिवस खात्रीची बातमी आली नव्हती. अशा वेळी दक्षिणेकडे निघालेला एका सावकाराचा जासूद पेशव्यांच्या माणसांना सापडला. त्याच्याजवळच्या पत्रात वरवर पाहता व्यापारातील तोट्याखेरीज काही नव्हते. दोन मोती गेले होते, सत्तावीस मोहरा हरवल्या होत्या आणि रुपये व खुर्दा किती बुडाला याची मोजदाद लागत नव्हती. पत्रात एकाही माणसाचे नाव नव्हते. तरीही पेशव्यांना त्याचा अर्थ समजला. दोन मोत्यांपैकी एक त्यांचा थोरला मुलगा विश्वासराव होता. दुसरा मोती म्हणजे त्यांचे चुलतबंधू सदाशिवराव भाऊ.

सदाशिवराव चिमणाजी भट, म्हणजेच मराठी माणसाचे भाऊसाहेब, यांचे आयुष्य अवघ्या तीस वर्षांचे. त्यातील सर्वांत मोठा विजय आजच्या लातूर जिल्ह्यातील उदगीरच्या भूमीवर ३ फेब्रुवारी १७६० रोजी मिळाला आणि त्यानंतर अकरा महिन्यांनी पानिपतावर सर्व काही संपले. त्यांची लष्करी आणि राजकीय बाजू अनेकांनी मांडली आहे. मात्र त्यांच्या चरित्राचा आणखी एक धागा मराठी भाषेत गुंतलेला आहे. उपमा, रूपक, वाक्प्रचार अशा भाषेच्या अलंकारांनी त्यांच्या अखेरच्या दिवसांना जितके वेढले आहे, तितके मराठी इतिहासातील फार थोड्या व्यक्तींच्या वाट्याला आले असेल.

फडावर घडलेला कारभारी

भाऊसाहेबांचा जन्म ऑगस्ट १७३० मध्ये सासवड येथे झाला. थोरल्या बाजीरावांचे धाकटे बंधू आणि वसईचे विजेते चिमाजी अप्पा हे त्यांचे वडील. आई रखमाबाई बाळंतपणानंतर महिनाभरातच निवर्तल्या. सन १७४० मध्ये चिमाजी अप्पांचेही निधन झाले. दहा वर्षांच्या या पोरक्या मुलाला आजी राधाबाई आणि चुलती काशीबाई यांनी वाढवले. पेशवेपदावर आलेले नानासाहेब त्यांच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे होते आणि दोघा चुलतभावांमधील जिव्हाळा सख्ख्या भावांसारखा होता.

रामचंद्रबाबा शेणवी यांच्यासारख्या मुरब्बी मुत्सद्द्याच्या हाताखाली भाऊसाहेब राज्यकारभार शिकले. वयाच्या सोळाव्या वर्षी, सन १७४६ च्या अखेरीस, ते कर्नाटकच्या पहिल्या मोहिमेवर निघाले आणि सावनूरच्या नवाबाकडून मुलूख मिळवून परतले. सन १७५० मध्ये सांगोल्याचे बंड मोडून काढण्यात आणि त्यानंतरच्या करारात त्यांचा पुढाकार होता. या करारानंतर राज्यकारभाराची सूत्रे व्यवहारात पेशव्यांकडे आली.

याच सुमारास घरात एक पेच उभा राहिला. भाऊसाहेबांना दिवाणगिरी हवी होती, पण ती महादोबा पुरंदऱ्यांकडे होती. नानासाहेब जुन्या कारभाऱ्याला दुखवायला तयार नव्हते. भाऊसाहेबांनी कोल्हापूर दरबारची पेशवाई स्वीकारण्याची तयारी दाखवली, तेव्हा घर फुटण्याची वेळ आली. अखेर पुरंदऱ्यांनी स्वतःहून पद सोडले आणि तो प्रसंग टळला. त्यानंतरची जवळपास दहा वर्षे पुण्याचा फड भाऊसाहेबांनी सांभाळला. जमाखर्चाची शिस्त, वसुलीची बारीक नजर आणि कामात हयगय करणाऱ्यावर कडक कारवाई ही त्यांची ओळख होती. आकड्यांशी त्यांचे असे नाते होते. पुढे त्यांच्या मृत्यूची पहिली वार्ताही जमाखर्चाच्याच भाषेत यावी, हा योगायोग मन विषण्ण करणारा आहे.

उदगीरची लढाई

सन १७५९ च्या अखेरीस पेशव्यांनी निजामाविरुद्ध मोहीम उघडली. नोव्हेंबरमध्ये अहमदनगरचा (आताचे अहिल्यानगर) किल्ला किल्लेदार कवीजंगाला फितवून, लढाई न करता ताब्यात आला. त्यानंतर भाऊसाहेबांच्या नेतृत्वाखाली मराठी फौज मराठवाड्यात शिरली. समोर सलाबतजंग आणि त्याचा भाऊ निजामअली होते. पूर्वी निजामाच्या पदरी असलेला आणि बुसीच्या फ्रेंच कवायती पद्धतीत तयार झालेला इब्राहिमखान गारदी आता मराठ्यांच्या बाजूने तोफखाना चालवत होता.

निजामाच्या फौजेचा मुक्काम उदगीरच्या किल्ल्याच्या आसऱ्याला होता. तेथून धारूरकडे सरकावे आणि तिकडील आपल्या सैन्याला मिळावे, असा निजामअलीचा बेत होता. भाऊसाहेबांनी तो ओळखला. उदगीर सोडून औशाच्या दिशेने निघालेल्या या फौजेला मराठी घोडदळाने चहूबाजूंनी घेरले. तिची दाणावैरण बंद झाली आणि गारद्याच्या तोफांचा मारा सुरू झाला. ३ फेब्रुवारी १७६० रोजी मराठ्यांनी निर्णायक हल्ला केला. निजामअलीने तहाची याचना केली. तहानुसार सुमारे साठ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख आणि दौलताबाद, अशीरगड, बुऱ्हाणपूर, विजापूर अशी महत्त्वाची ठाणी मराठ्यांकडे आली. वयाच्या तिसाव्या वर्षी भाऊसाहेब दख्खनमधील सर्वांत यशस्वी सेनानी ठरले होते.

मात्र हा आनंद फार काळ टिकला नाही. १० जानेवारी १७६० रोजी, म्हणजे उदगीरच्या लढाईपूर्वीच, मकरसंक्रांतीच्या दिवशी दत्ताजी शिंदे यमुनेकाठी बुराडी घाटावर अब्दालीच्या बाजूच्या फौजांशी लढताना पडले होते. ही बातमी पेशव्यांपर्यंत पोहोचायला फेब्रुवारी उजाडला. आजच्या जालना जिल्ह्यातील परतूर येथे, त्या काळच्या पडदूरच्या छावणीत, मार्चमध्ये खलबत झाले. उत्तरेची मोहीम कोणी करावी, हा प्रश्न होता. उदगीरच्या विजयाने भाऊसाहेबांचे नाव पुढे आणले. १४ मार्च १७६० रोजी ते तेथून निघाले. सोबत विश्वासराव, इब्राहिमखान आणि त्याचा तोफखाना होता. पत्नी पार्वतीबाईही बरोबर होत्या.

भरलेला पेला

ऑगस्टच्या प्रारंभी दिल्ली हाती आली. पण तिजोरी रिकामीच होती. दिवाण-ए-खासच्या छताची चांदी काढून तिचे रुपये पाडण्याची वेळ भाऊसाहेबांवर आली. ऑक्टोबरमध्ये त्यांनी कुंजपुरा जिंकून अब्दालीचा मोठा साठा ताब्यात घेतला. तेथून कुरुक्षेत्राच्या यात्रेला जाण्याचा विचार असतानाच अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडल्याचे कळले. मराठी फौज मागे वळली आणि पानिपतावर अडकून पडली. दोन्ही सैन्ये एकमेकांच्या वाटा अडवून दोन-अडीच महिने समोरासमोर बसली. डिसेंबरमध्ये रसद पुरवणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले. त्यानंतर मराठी छावणीत अन्नाचा दुष्काळ पडला. लढवय्यांबरोबर हजारो बुणगे आणि यात्रेकरू होते. जनावरे उपासमारीने मरू लागली.

१४ जानेवारी १७६१ च्या पहाटे भाऊसाहेबांनी शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराज पंडिताला एक छोटी चिठ्ठी पाठवली. काशीराजाने पुढे आपल्या फारसी वृत्तांतात तिची हकिकत दिली आहे. तहाची बोलणी त्याच्यामार्फत चालू होती. भाऊसाहेबांनी त्या चिठ्ठीत पेल्याचे रूपक वापरले होते. पेला काठोकाठ भरला असून त्यात आणखी एक थेंबही मावणार नाही, असा त्याचा आशय होता. काही करता येण्यासारखे असेल तर ते आताच करावे, नाहीतर स्पष्ट उत्तर द्यावे, एवढेच पुढे होते.

उपाशी छावणीचा सेनापती या वेळी आपल्या हालांची यादी देऊ शकला असता. पण शत्रूच्या गोटात जाणाऱ्या कागदावर अशी यादी देणे धोक्याचे होते, आणि दया मागणे त्यांच्या स्वभावात नव्हते. पेल्याच्या रूपकाने दोन्ही गोष्टी साधल्या. सहनशक्ती संपली हे कळले, पण नेमके काय संपले ते सांगावे लागले नाही. ही चिठ्ठी शुजाकडे आणि पुढे अब्दालीकडे पोहोचेपर्यंत मराठी फौज खंदकाबाहेर पडली होती.

दुपारपर्यंत मराठ्यांचा जोर होता. इब्राहिमखानाच्या पलटणींनी रोहिल्यांची फळी फोडली. मग विश्वासरावाला गोळी लागली. भाऊसाहेब हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले आणि गर्दीत शिरले. हत्तीवरची अंबारी रिकामी दिसताच सैन्याचा धीर सुटला. संध्याकाळपर्यंत सारे संपले. जनकोजी शिंदे आणि इब्राहिमखान पकडले जाऊन मारले गेले. समशेरबहाद्दर जखमांनी गेले. मल्हारराव होळकर, जखमी महादजी शिंदे आणि कोवळ्या वयातील नाना फडणीस परत येऊ शकले. पार्वतीबाईही सुखरूप परतल्या.

उपमेय नसलेले रूपक

त्यानंतर दहा दिवसांच्या आत ते सावकारी पत्र पेशव्यांच्या हाती पडले. सन १८२६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रँट डफच्या इतिहासामुळे ते पुढे सर्वदूर गाजले. शाळेत अलंकार शिकणाऱ्या मुलांना या पत्रातून जितके समजेल, तितके अनेक व्याख्यांतून समजणार नाही.

ज्या गोष्टीबद्दल बोलायचे ती उपमेय आणि जिच्याशी तुलना करायची ती उपमान, हे प्राथमिक व्याकरण आहे. भाऊसाहेब मोत्यासारखे होते, असे म्हटले तर ती उपमा होते. तेथे उपमेय, उपमान, दोघांत समान असलेला मौल्यवानपणा आणि 'सारखा' हा साम्यदर्शक शब्द, असे सारे घटक जुळतात. भाऊसाहेब जणू मोतीच, असे म्हटले की ती उत्प्रेक्षा होते. त्यात साम्य आणखी जवळ येते, पण 'जणू'ची शंका शिल्लक राहते. भाऊसाहेब म्हणजे मोतीच, असे म्हटले की रूपक होते, कारण दोन्ही गोष्टी एकरूप मानल्या जातात. सावकार त्याही पुढे गेला. त्याने भाऊसाहेबांचे नावच काढून टाकले आणि फक्त मोती ठेवला. अकराव्या शतकातील काश्मिरी शास्त्रकार मम्मटाने या प्रकाराचे वर्णन उपमानाने उपमेयाला गिळून टाकणे असे केले आहे. शास्त्रात याला रूपकातिशयोक्ती म्हणतात.

सावकाराला अर्थातच काव्य करायचे नव्हते. कागद वाटेत कोणाच्याही हाती लागू शकत होता. पराभवाची बातमी पसरली तर हुंड्या बुडाल्या असत्या आणि पेढ्यांवर धाड आली असती. म्हणून त्याने रोजच्या व्यवहारातील शब्द घेतले. त्यांची प्रतवारी मात्र काटेकोर आहे. मोती म्हणजे पेशव्यांच्या घरातील माणसे, मोहरा म्हणजे नामांकित सरदार आणि रुपये व खुर्दा म्हणजे सामान्य शिपाई व बुणगे. दरबारातील मानाची उतरंड त्याने नाण्यांच्या उतरंडीवर नेमकी बसवली. त्यातच त्या काळाचे एक कटू सत्यही उघड होते. मोती आणि मोहरा मोजल्या गेल्या. खुर्दा कोणी मोजला नाही. पानिपतावर पडलेल्या हजारो साध्या माणसांची नावे इतिहासात आली नाहीत.

ज्याला उपमेय आधीच ठाऊक आहे, त्यालाच असे रूपक उलगडते. वाटेतल्या परक्याला त्या पत्रात तोट्यातील व्यापारी दिसला असता. नानासाहेबांना मात्र तो अर्थ स्वतः लावावा लागला. मोत्याच्या जागी मुलाचे नाव आणि दुसऱ्या मोत्याच्या जागी भावाचे नाव त्यांना स्वतःच्या मनात घालावे लागले. त्या धक्क्यातून ते सावरले नाहीत. २३ जून १७६१ रोजी पुण्यात पर्वतीवर त्यांचे निधन झाले.

संशयाला राहिलेली जागा

अलंकारातून आलेल्या बातमीत आशेला जागा राहते. लढाईनंतर रणभूमीवर भाऊसाहेबांचे धड सापडले आणि त्यावर अंत्यसंस्कार झाले, असे काशीराजाने नोंदवले आहे. पण महाराष्ट्रात अनेकांचा त्यावर विश्वास बसला नाही. आपल्या माणसांपैकी कोणी त्यांना पडताना खात्रीने पाहिले होते, असे झाले नव्हते. पार्वतीबाईंनी वैधव्य स्वीकारले नाही. पती परत येईल या श्रद्धेने त्या सन १७८३ पर्यंत, म्हणजे पानिपतानंतर बावीस वर्षे, सौभाग्यवती म्हणूनच जगल्या. माधवराव पेशव्यांपासून नाना फडणिसांपर्यंत सर्वांनी त्यांच्या या भावनेचा मान राखला.

याच संशयाचा फायदा सुखनिधान नावाच्या एका कनोजी ब्राह्मणाने घेतला. भाऊसाहेबांशी असलेल्या चेहऱ्याच्या साम्यावर त्याने आपणच भाऊसाहेब असल्याचा दावा केला. माधवरावांच्या काळात तो पकडला गेला आणि निरनिराळ्या किल्ल्यांवर कैदेत राहिला. सन १७७६ मध्ये रत्नागिरीहून सुटून त्याने कोकणात मोठे बंड उभारले. पुणे दरबारला ते मोडायला बरेच कष्ट पडले. डिसेंबर १७७६ मध्ये त्याला देहदंड देण्यात आला. न. चिं. केळकरांनी सन १९१३ मध्ये याच प्रकरणावर 'तोतयाचे बंड' हे नाटक लिहिले. साम्य आणि एकरूपता यांतील भेद काव्यात सौंदर्य निर्माण करतो. राजकारणात मात्र तोच भेद पुसट झाल्याने माणसांचे प्राण गेले.

भाषेने ठेवलेली आठवण

पानिपतावर बखरी लिहिल्या गेल्या. 'भाऊसाहेबांची बखर' आणि रघुनाथ यादवाची 'पानिपतची बखर' या त्यांतील विशेष प्रसिद्ध. बखरकारांनी या युद्धाला भारती युद्धाच्या उपमा दिल्या, त्या केवळ रूढीने आलेल्या नव्हत्या. कुरुक्षेत्र पानिपताहून काही मजलांवर आहे आणि भाऊसाहेबांची फौज त्याच दिशेने निघाली होती. एरवी दूरच्या पुराणातून आणावे लागणारे उपमान येथे त्याच भूमीवर होते. पुढे त्र्यं. शं. शेजवलकर यांच्या 'पानिपत : १७६१' या सन १९६१ च्या ग्रंथाने या अलंकारांमागचा कागदोपत्री इतिहास मांडला. सन १९८८ मध्ये आलेल्या विश्वास पाटील यांच्या 'पानिपत' कादंबरीने भाऊसाहेबांना नव्या पिढीच्या घराघरात पोहोचवले.

बोलीभाषेने तर हा पराभव रोजच्या वापरात आणला. निवडणुकीत पक्षाचे पानिपत झाले, परीक्षेत पानिपत झाले, क्रिकेटमध्ये पानिपत झाले, असे मराठी माणूस सहज म्हणतो. एका गावाचे नाव सर्वनाशाच्या अर्थाने वापरणे ही शास्त्राच्या भाषेत लक्षणा आहे. गंगेवरची वस्ती म्हणताना ती पाण्यावर तरंगत नाही, तीरावर असते, हे ऐकणाऱ्याला कळते. तसेच पानिपत म्हणताना हरियाणातील शहर कोणाच्या मनात येत नाही. 'भाऊगर्दी' या शब्दाचा संबंधही भाऊसाहेबांच्या सैन्याच्या त्या दिवशीच्या गोंधळाशी जोडला जातो. जुन्या मराठीत 'गर्दी' म्हणजे केवळ दाटी नव्हे, तर धूळधाण आणि कल्लोळ. आज हा शब्द निवडणुकीतील इच्छुकांच्या झुंबडीला वापरला जातो आणि त्यातील भाऊ कोण, हे बहुतेकांना आठवत नाही.

संक्रांत कोसळण्याच्या वाक्प्रचाराबाबत मात्र एक गैरसमज आहे. आज संक्रांत १४ किंवा १५ जानेवारीला येते, म्हणून पानिपतची लढाई संक्रांतीलाच झाली आणि वाक्प्रचार त्यातून आला, असे अनेकदा सांगितले जाते. त्या काळात संक्रांत १० जानेवारीच्या आसपास येत असे. सन १७६१ ची संक्रांत लढाईपूर्वी काही दिवस होऊन गेली होती. संक्रांतीच्या दिवशी पडले ते आदल्या वर्षी दत्ताजी शिंदे. संक्रांतीच्या देवीची दृष्टी जिकडे वळेल तिकडे पीडा, ही पंचांगातील जुनी समजूत या वाक्प्रचाराच्या मुळाशी आहे. पानिपताच्या आठवणीने तिला अधिक धार आली, एवढेच.

उदगीरला वाक्प्रचार नाही

या सर्व शब्दव्यवहारात एक नाव कोठेच येत नाही, ते म्हणजे उदगीर. शत्रूला पूर्ण कोंडीत पकडून तहाला भाग पाडले, तर उदगीर केले असे मराठीत कोणी म्हणत नाही. वास्तविक रसद तोडणे, वेढणे आणि तोफखान्याने नमवणे ही युद्धकला भाऊसाहेबांनी येथे पूर्णत्वाला नेली होती. अकरा महिन्यांनी त्यांच्यावरच रसद तुटण्याची वेळ आली. विजयाची नोंद तहाच्या कागदात राहिली आणि पराभवाने भाषेत घर केले. दुःखाला शब्द अपुरे पडतात, तेव्हाच बहुधा माणसाला रूपकाची गरज लागते. साठ लाखांच्या मुलखाला ती लागली नाही.

उदगीरचा किल्ला आजही उभा आहे. खंदक, तटबंदी आणि आतील उदागीरबाबांची समाधी पाहायला माणसे येतात. एप्रिल २०२२ मध्ये याच शहरात भारत सासणे यांच्या अध्यक्षतेखाली पंचाण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले आणि तीन दिवस मराठी शब्दांचा उत्सव झाला. ज्या सेनानीच्या अंताने मराठीला इतके शब्द दिले, त्याच्या सर्वोच्च यशाची भूमी हीच. पानिपत झाले असे म्हणताना बोलणाऱ्याने क्षणभर उदगीरही आठवले, तर भाऊसाहेबांच्या आयुष्याचा हिशेब थोडा अधिक न्यायाने मांडला जाईल.